आरोग्याचा निरोप : दवंडीपासून व्हॉट्सॲपपर्यंत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकास, सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका वसलेला आहे. कळसूबाई व रतनगड ह्यांच्या परिसरात विखुरलेल्या वाड्यांना पूर्वी सरकारी हुकूम कळे तो दवंडीने. आज तसलाच निरोप व्हॉट्सॲपवर क्षणार्धात येतो. परंतु निरोप पोहोचणे आणि तो मनास पटणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे महाराष्ट्राच्या इतिहासाने वारंवार दाखविले आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. साथरोगांचा कायदा त्याच वर्षी झाला, जाहीरनामे निघाले, गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या झाल्या. लोकांना विश्वासात घेण्याचे मात्र राहून गेले. परिणामी रोगाइतकीच बंदोबस्ताची धास्ती बसली व लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले ह्यांनी रुग्णांची शुश्रूषा करीत असता देह ठेविला.

पुढे गाडगे महाराजांनी निराळी वाट दाखविली. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत स्वच्छतेचे मर्म त्यांच्या गळी उतरवावयाचे, असा त्यांचा क्रम असे. आधी कृती व मग उपदेश, म्हणून त्या उपदेशास वजन आले.

ह्याच जिल्ह्याच्या आग्नेयेस जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका केले. गाणी, चित्रे व महिला मंडळांच्या बैठका हीच त्यांची प्रचाराची साधने होती. १९७१ च्या सुमारास तेथे दर हजारी १७६ अर्भके दगावत; पुढील दोन दशकांत हा आकडा विसाच्या आसपास आला.

२०२० साली कोरोना आला तेव्हा सल्ला भ्रमणध्वनीवरून आला, आणि पुढे लशीविषयीच्या अफवाही त्याच वाटेने आल्या. त्या अफवांचे निरसन करावयास आशा सेविकांना दारोदार हिंडावे लागले. हिवरे बाजार येथे स्वयंसेवकांच्या पथकांनी घरोघर तपासणी केली, व २०२१ च्या मे महिन्यात ते गाव कोरोनामुक्त झाले.

यंत्रावरून आलेल्या मजकुरास उलट प्रश्न विचारता येतोच असे नाही. ओळखीच्या ताईस तो विचारता येतो. म्हणून जी मंडळे आज व्हॉट्सॲपवर आरोग्याचे संदेश धाडतात, त्यांनी त्या संदेशामागोमाग आपले माणूसही वाडीवर धाडिले पाहिजे.