बंदुकीची दारू आणि बाटलीची दारू

मराठीत 'दारू' या एकाच शब्दावर तीन वस्तूंचा संसार चालतो. बंदुकीत ठासतात ती दारू, पेल्यात ओततात ती दारू आणि हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या दिवसांत पोरे आकाशात उडवतात ती शोभेची दारू. मूळ फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडील कानडी शेजाऱ्यांना विचारावे, तर त्यांचा 'मद्दु' औषधालाही चालतो आणि बंदुकीच्या भुकटीलाही. भाषेने जे एका कोठारात ठेवले ते माणसाने वेगळे ठेवायचे असते. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातील सामुदायिक पारधीचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा तो मला पुष्कळ अंशी या दोन दारूंमधील अंतराचाच इतिहास वाटू लागला.

आपल्या पूर्वसूरींनी मृगया आणि मद्यपान यांना शेजारी बसवले होते. मनुस्मृतीत राजाच्या कामज व्यसनांपैकी जी चार अतिशय कष्टदायक म्हणून वेगळी काढली आहेत, त्यांत पान, द्यूत आणि स्त्रिया यांच्याबरोबर मृगया आहे. कौटिल्याने मात्र मृगयेची बाजू थोडी घेतली. पिशुन नावाचा आचार्य शिकारीत चोर, शत्रू, वणवा, वाट चुकणे, तहानभूक अशी संकटे मोजून दाखवतो. त्यावर कौटिल्य म्हणतो की शिकारीने व्यायाम घडतो, कफ-मेद झडतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. वाद आजही तसाच चालू आहे.

पण खरा धडा पुराणकथांत आहे. दशरथाने सरयूकाठी अंधारात घडा भरण्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितो असे समजून शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावण पडला. तो प्यालेला नव्हता. जनावर न पाहता आवाजावर बाण सोडला, एवढेच. मौसलपर्वात तर सगळे एकत्र आले आहे. द्वारकेत मद्य गाळणाऱ्याला सहकुटुंब सुळावर देण्याची दवंडी पिटली गेली होती. तरीही प्रभासक्षेत्री यादव प्याले, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुने उणेदुणे निघाले आणि कुळच्या कुळ एकमेकांच्या हातून संपले. त्यानंतर जरा नावाच्या पारध्याने झाडीत पहुडलेल्या श्रीकृष्णाचे पाऊल हरिण समजून वेधले. दारूबंदी, दारूबंदीचा भंग, टोळीतले भांडण आणि 'जनावर समजून' सुटलेला बाण: आपल्या भागात अधूनमधून कानी येणाऱ्या बातमीचे सारे भाग तेथे आहेत.

आता आपल्या मुलखाकडे येतो. डिचोली आणि सत्तरी १७८०च्या दशकात पोर्तुगीजांकडे गेल्या आणि १७८८मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणेही गेले. या नव्या काबिजादी. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर देवस्थाने, सोयरिकी आणि रान एकच राहिले, अंमल मात्र दोन झाले. पोर्तुगीजांनी आपल्याला काडतूस आणि पिस्तूल हे शब्द दिले आणि सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. बोंडांच्या रसाचा पहिला उतारा म्हणजे हुर्राक, पुन्हा गाळून होते ती फेणी. (काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही पेडणेकरांना अभिमानाची गोष्ट.) म्हणजे बंदूक आणि बाटली यांची आपल्याकडची गाठ एकाच दर्यावर्दी पाहुण्याने मारून दिली म्हणायची. बंदूक येथे केवळ डुकरासाठी नव्हती. सत्तरीतील राण्यांची १८५२, १८९५ आणि १९१२ची बंडे याच रानांत झाली.

ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा सुमारे पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा. नळीत आधी दारू, मग चिंधीची किंवा काथ्याची डाट, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा डाट; प्रत्येक थर गजाने ठासायचा आणि शेवटी टोपी बसवायची. यातली एकही पायरी धुंद डोक्याने करण्यासारखी नाही. एकदा ठासलेली बंदूक विसरून पुन्हा ठासली तर नळी फाटते आणि ठासणाऱ्याचा हात, डोळा घेऊन जाते. गज नळीत राहिला आणि बार झाला तर तोच बाण होतो. जवळ विडी पेटलेली असेल तर सांगायलाच नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर, बंदोबस्तात असावा आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्ह देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशी सूचना आहे. इतक्या बारकाईने एका दारूकडे पाहणारा हा मुलूख दुसऱ्या दारूकडे मात्र सणासुदीची पाहुणी म्हणून पाहत आला.

पारधीचे हंगाम दोन. भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत रानडुकरे शेतात उतरतात, तेव्हाची राखणीची पारध. आणि शिमग्यानंतर रान कोरडे पडले, माणसे रिकामी झाली की गावाची पारध. दुसऱ्या हंगामातच काजू पिकतो, भट्ट्या पेटतात आणि हुर्राक घरोघर पोहोचतो. दोन्ही दारू एकाच महिन्यात रानात भेटतात, ती अशी.

मी पेडण्याच्या बाजूच्या काही वृद्धांकडून जुन्या पारधीची रीत ऐकली आहे. म्होरक्या एकच. हाकारे कोठून निघणार, बंदुकवाले कोणत्या वाटेवर बसणार हे तो सांगे आणि बसलेल्याने हाकाटी संपेपर्यंत जागा सोडायची नाही. रानात शिरताना राखणदाराला सोरो आणि रोट ठेवला जाई. ती देवाची दारू, माणसाची नव्हे. माणसाची बाटली उघडे ती शिकार गावात आल्यावर, वाटे पडल्यावर: बार मारणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, गावमानाचा वाटा. "बंदूक रिकामी, मग पेला भरलेला," असे एका आजोबांनी मला सांगितले. या रिवाजामागे नीतिमत्ता किती आणि दारू-शिसे महाग असण्याची काटकसर किती, याबद्दल मला शंका आहे. माझ्या मते काटकसर जास्त. शिवाय तेव्हाही अपघात होतच. फक्त त्यांचे पंचनामे आजच्यासारखे सर्वत्र होत नसत. जुने ते सारे सोने, असे समजण्याचे कारण नाही.

पुढे सीमेने दारूची चव वाढवली. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यात मिठावर आणि आबकारीवर इंग्रजी पद्धतीचा अंकुश आला. १८९२मध्ये करार संपला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९चा दारूबंदी कायदा केला आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील सावंतवाडी-बांदा कोरडे झाले. तेरेखोलपलीकडे मात्र पोर्तुगीज अंमल होता, आणि भट्ट्या चालू होत्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, तरी दारूची सीमा तशीच राहिली. इन्सुलीच्या नाक्यावर आजही काय तपासतात हे सिंधुदुर्गातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जी वस्तू घरी लपून प्यावी लागते ती रानात मोकळेपणाने पिता येते, आणि पारधीचे निमित्त त्याला सोयीचे पडते. पुष्कळांना डुकरापेक्षा हे निमित्तच अधिक प्रिय असते, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

कायदा मध्यंतरी पार बदलला. शस्त्र कायदा १९५९चा. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकार संपली. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे मात्र आजही अनेक घरांत पटत नाही. शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. एका रात्रीत डुकरे सहा महिन्यांचे भात लोळवतात. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी वन खात्याची लेखी परवानगी काढण्याची वाट कायद्यात आहे, पण ती लांबची आहे, आणि लांबच्या वाटेने जायला कोणाला आवडत नाही.

बंदीमुळे पारध थांबली नाही. ती रात्रीची झाली. गावाची राहिली नाही, चार-सहा मित्रांची झाली. म्होरक्या गेला, जीप आली, कपाळावर बॅटरी आली. दिवसा शिकार संपल्यावर होणारे पिणे आता निघण्याआधीच संध्याकाळी होऊ लागले. दारूने हातपाय लटपटण्याच्या पुष्कळ आधी विवेक सैल होतो, नजरेचा पल्ला आखडतो, प्रतिक्रिया मंदावते आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. अंधारात चमकलेले दोन डोळे भेकराचे की साथीदाराच्या बॅटरीची चकाकी, हे ठरवायला जो अर्धा क्षण लागतो तोच नेमका हरवतो. दशरथाजवळही तो क्षण नव्हता, आणि तो तर शुद्धीत होता.

हे आपल्याच लोकांचे अडाणीपण, असे कोणी समजू नये. ११ फेब्रुवारी २००६ला अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी टेक्सासमध्ये लाव्ह्यांच्या शिकारीत आपल्याच सोबत्याला, हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलांना, छर्रे मारले. दुपारच्या जेवणाबरोबर एक बिअर घेतल्याचे चेनींनी नंतर सांगितले. ती कारणीभूत होती असे ठरले नाही. पण बातमी बाहेर आली दुसऱ्या दिवशी, आणि पोलीस अधिकाऱ्याने त्यांचा जबाबही दुसऱ्या सकाळीच घेतला. व्हिटिंग्टन वाचले, कारण वैद्यकीय मदत जवळ होती.

आपल्याकडे नेमके हेच नसते. शिकार बेकायदा, कधी बंदूकही बिनपरवाना, तोंडाला वास. जखमी रानात पडलेला असतो आणि बाकीचे आधी बंदूक कोठे लपवायची, कोणी काय सांगायचे हे ठरवत बसतात. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. रान उतरून बांबोळीच्या इस्पितळापर्यंत किती वेळ लागतो, हे दोडामार्ग-सत्तरीकडच्या वाचकांना सांगायला नको. रुमाल घट्ट दाबून धरण्याइतके भान एकाला जरी असेल तरी फरक पडतो. पुढे गुन्हा नोंदतो तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा. जुन्या दंडसंहितेत त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. स्वतःहून घेतलेली नशा ही कायद्यात सबब होत नाही.

गावात मात्र सबब चालते. 'डुक्कर समजून बार सुटला' हे वाक्य इतके रुळले आहे की त्यात बार मारणारा कोणीच राहत नाही. बार आपोआप सुटतो. मृत आणि मारणारा बहुधा जिवलग मित्र, कधी चुलतभाऊ. दोन्ही घरे एकाच वाडीत, एकाच विहिरीवर. कोणी तक्रार वाढवत नाही, कोणी प्यालेले होते असे बोलत नाही. दोन्ही घरांतली मुले शाळेत एकाच बाकावर बसतात. शिक्षकाला कळते ते एवढेच, की त्यातले एक मूल दुसऱ्याकडे बघत नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. मतमोजणी संपली की लोक त्या परत आणतात, खुंटीला टांगतात, दसऱ्याला फुले वाहतात. माझ्या परिचयाच्या दोन घरांतल्या बायकांनी गेल्या खेपेला पुरुषांना ती आणायला जाऊच दिले नाही. बंदुका अजून ठाण्यातच आहेत. खुंटीवर आता मुलांची दप्तरे आहेत, आणि डुकरांसाठी त्यांनी शेताला कुंपण घातले आहे; त्यातून डुकरे येतात, असे त्या सांगतात, पण पूर्वीपेक्षा कमी.