परळच्या गिरणी कामगार बाया, मार्माइटची बाटली आणि पहिले २८ दिवस

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. राजकारणाची नाही, नगरपालिकेचीही नाही. पण ज्यांच्या घरात यंदा लग्न आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराची बातमी करायला गेलो होतो. रांगेत पंचविशीतली एक आई बसली होती. मांडीवर चार वर्षांची पोर. हसरी, बडबडी, पण कंबरेखाली पायात जीव नाही. पाठीवर जुन्या ऑपरेशनचा लांब व्रण. शेजारच्या मावशींनी सहज विचारलं, "ग्रहण पाळलं नव्हतं का गं?" ती काही बोलली नाही. बोलल्या त्या सासूबाई: "मी सांगितलं होतं, विळी हातात धरू नको म्हणून." त्या बाईची मान जी खाली गेली, ती मी तिथून निघेपर्यंत वर आली नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. या प्रश्नाचं उत्तर विज्ञानानं दिलंय, आणि त्या उत्तराचा पहिला धागा मुंबईत, परळमध्ये सापडला. तरी आपण अजून विळीवरच अडकलोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. त्या रांगेत दोन प्रकारची मुलं होती आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. एक सेरेब्रल पाल्सीची. यात बिघाड वाढत्या मेंदूत होतो, आणि त्यामुळे हातपाय ताठरतात किंवा तोल राहत नाही. दुसरी स्पायना बिफिडाची, म्हणजे पाठीचा कणा गर्भातच नीट न मिटलेली.

सेरेब्रल पाल्सीचा दोष शंभर वर्षं बाळंतपणावर गेला. १८६१ मध्ये लंडनच्या विल्यम जॉन लिटल या डॉक्टरांनी अवघड प्रसूतीशी त्याचा संबंध जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच मनाचा डॉक्टर, तेव्हा तो मुलांच्या मेंदूविकारांवर काम करत होता) म्हणाला की बिघाड आधीच झालेला असेल आणि अवघड प्रसूती हा त्याचाच परिणाम असेल. त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत हजारो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्यावर कळलं की जन्मताना श्वास कोंडणं हे कारण थोड्याच मुलांना लागू पडतं. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज दुसऱ्या आजाराबद्दल, कारण तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. करंजी दुमडतो तशी ती पट्टी दुमडते आणि कडा जुळून नळी तयार होते. करंजीची कड नीट मिटली नाही तर सारण बाहेर येतं. इथंही तसंच. कड खाली उघडी राहिली तर पाठीवर गाठ घेऊन बाळ जन्मतं, पायातली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो, बऱ्याचदा डोक्यात पाणी साठतं. वर उघडी राहिली तर कवटीच पूर्ण होत नाही आणि बाळ जगत नाही. आणि ही कड कधी मिटते? गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक बायांना तेव्हा दिवस गेलेत हेच माहीत नसतं.

आता परळला चला. साल १९२८. लुसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली. वय चाळीस. मुंबईत गरोदर बाया, त्यातही गिरण्यांत काम करणाऱ्या, विचित्र पंडुरोगानं मरत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण एकेक पेशी फुगलेली. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. आधी वाटलं जंतूंचा प्रकार असेल. जंतू सापडेनात. मग त्या बायांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खातं, कुठं राहतं याची पाहणी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाही, त्यांनाच हा रोग जास्त, हे दिसलं. तेच निकृष्ट जेवण त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि पुढं माकडांना दिलं. त्यांचीही रक्तं तशीच झाली. मग उपाय शोधताना मार्माइट हाती लागलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळपट, खारट अर्क, इंग्रज लोक ब्रेडला लावून खातात. स्वस्त वस्तू. ते दिलं आणि माकड सुधारलं, बायाही सुधारल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' असं नाव पडलं.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हटलं. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे शोधाची सुरुवात मुंबईच्या बायांच्या रक्तातून आणि गोळीची वाट एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेतून. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातलं काही होतं का? मला तरी आठवत नाही.

या काळात पाठीवर गाठ असलेल्या मुलांचं काय होत होतं? बहुतेक मरत होती. १९५५ मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाला असा मुलगा झाला, केसी. डोक्यात पाणी साठत होतं आणि ते काढायला खात्रीची नळी नव्हती. होल्टर कुलपांच्या कारखान्यात काम करायचा. बापानं घरीच खटपट करून सिलिकॉनची झडप बनवली. पाणी एका दिशेनं जाईल, उलट येणार नाही. त्या झडपेनं पुढं जगभर हजारो मुलं वाचली. केसी मात्र फार वर्षं जगला नाही.

मुलं वाचू लागली तेव्हा नवा प्रश्न आला. १९७१ मध्ये शेफिल्डच्या जॉन लॉर्बर यांनी ५२४ मुलांचा हिशेब मांडला आणि म्हटलं, ज्यांची अवस्था फार वाईट आहे त्यांच्यावर ऑपरेशन करूच नये. डॉक्टरच असं म्हणतो म्हटल्यावर अनेक ठिकाणी बाळं तशीच सोडली गेली. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. पण १९७२ मध्ये जॅक लॅपिडीस या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळीनं लघवी काढली की मूत्रपिंडं टिकतात. साधी युक्ती, घरी आई करू शकते. ज्यांना 'जगून काय उपयोग' म्हटलं गेलं होतं, तसली मुलं मोठी होऊन नोकरीला लागली.

आता पुन्हा फॉलिक अॅसिडकडे. लुसी विल्स १९६४ मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी छापलं की व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फॉलिक अॅसिडची गडबड जास्त दिसते. स्मिथेल्स यांना खात्रीचा पुरावा हवा होता. ज्या बायांना आधी असं बाळ झालंय त्यांतल्या अर्ध्यांना जीवनसत्त्वाची गोळी, अर्ध्यांना बिनऔषधाची. नैतिक समित्यांनी परवानगी नाकारली. म्हणून ज्या घेतील त्यांना गोळी आणि बाकीच्यांशी तुलना, असं केलं. १९८० चा निकाल: गोळी घेतलेल्यांत पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ०.६ टक्के, न घेतलेल्यांत ५ टक्के. फरक डोळ्यात भरणारा. पण टीकाकार म्हणाले, गोळी घेणाऱ्या बाया मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या असतील, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत.

मग ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं मोठी चाचणी घेतली. ७ देश, ३३ केंद्रं, १८१७ बाया. १९९१ मध्ये ती मुदतीआधीच थांबवली, कारण उत्तर स्पष्ट होतं. एकूण २७ बाळांमध्ये दोष आढळला. त्यातली ६ फॉलिक अॅसिड मिळालेल्या आयांची, २१ न मिळालेल्यांची. धोका ७२ टक्क्यांनी कमी. आपल्या आयसीएमआरनंही १९८८ पासून अशीच चाचणी चालवली होती. ब्रिटनचा निकाल आल्यावर तीही थांबवावी लागली. पुढच्या वर्षी हंगेरीतून आणखी एक निकाल आला: आधी असं मूल नसलेल्या बायांनाही गोळीचा फायदा होतो.

जरा थांबून त्या २१ आयांचा विचार करा. त्यांना आधीच एक असं बाळ झालं होतं. त्या विश्वासानं चाचणीत आल्या आणि चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला फॉलिक अॅसिड नसलेली गोळी आली. १९८० चा आकडा पुरेसा मानला असता तर? आणि नसता मानला, तर जगानं या गोळीवर विश्वास ठेवला असता का? मला याचं सोपं उत्तर सापडत नाही. पण एवढं नक्की कळतं की आपण ज्या माहितीवर बसलोय तिची किंमत कुणीतरी मोजली आहे.

मग आपण त्या माहितीचं काय केलं? अमेरिकेनं १९९८ पासून पिठात फॉलिक अॅसिड घालणं सक्तीचं केलं. दर किलोला १४०० मायक्रोग्रॅम. तिथं असे जन्म घटले. ज्या ब्रिटननं पुरावा दिला त्या ब्रिटनला पिठाचा निर्णय जाहीर करायला २०२१ उजाडलं. तीस वर्षं!

आपल्याकडे हजार जन्मांमागे सुमारे चार बाळांना हा दोष असतो, असा भारतातल्या अभ्यासांचा एकत्र अंदाज आहे. सरकारी कागदावर सगळं आहे. शाळेत पोरींना आठवड्याला निळी गोळी, मोठ्या बायांना लाल गोळी. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः तपासायच्या व्यंगांच्या यादीत हाच दोष पहिला आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? नवी सून दवाखान्यात पहिल्यांदा जाते ती दोन-अडीच महिने झाल्यावर. आशाताई गोळ्या देतात त्या नोंदणी झाल्यावर. तोवर करंजीची कड मिटलेली असते, किंवा उघडी राहिलेली असते. त्या वेळच्या गोळीचा आईच्या रक्ताला उपयोग आहे, ती घ्यायलाच हवी. पण कण्यासाठी उशीर झालेला असतो.

राहिला रेशनचा तांदूळ. त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली होती. इथं मला एक कबुली द्यायची आहे. हे दाणे नवीन आले तेव्हा गावागावांत 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बोंब झाली. मीही 'रेशनमध्ये प्लास्टिक?' असं प्रश्नचिन्ह टाकून बातमी लावली होती. खुलासा दोन दिवसांनी आतल्या पानावर, चार ओळींचा. किती घरांनी ते दाणे निवडून फेकले असतील, कोण जाणे. चूक माझी होती.

तरी खरं सांगायचं तर नुसत्या त्या तांदळावर भागत नाही. नियमाप्रमाणे त्यात किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. बाईला रोज हवं ४०० मायक्रोग्रॅम. चार किलो भात कोण खाणार? दाणे फेकू नका, पण गोळीला पर्याय समजू नका.

म्हणून सांगणं एवढंच. मूल हवं असं ठरलं की, म्हणजे गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून आणि पहिले तीन महिने, फॉलिक अॅसिडची गोळी रोज घ्यायची असते. गोळी स्वस्त आहे, डॉक्टरांना विचारून घ्या. आधी असं बाळ झालं असेल, मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनानं काही करू नका. मात्रा वेगळी लागते, आधीच भेटा. आपण पत्रिका जुळवायला दोन महिने घालवतो, हॉल सहा महिने आधी धरतो. त्यात ही एक चिठ्ठी बसवायला काय हरकत आहे?

आणि उलट्या बाजूनंही कुणी काठी उगारू नका. गोळी शंभर टक्के हमी देत नाही. आनुवंशिकता आहे, इतर कारणं आहेत, गोळी घेऊनही असं बाळ होऊ शकतं. काल 'ग्रहण पाळलं नाहीस' म्हणणारे उद्या 'गोळी खाल्ली नाहीस' म्हणतील. ती गोळी वेळेत तिच्या हातात पोचवणं हे काम तिचं एकटीचं कधीच नव्हतं. ते नवऱ्याचं, घराचं, दवाखान्याचं आणि आमच्यासारख्या बातम्या छापणाऱ्यांचंही होतं.

रांगेतल्या त्या ताईला हे तिथंच सांगायला हवं होतं. मी फोटो काढला, आकडे लिहून घेतले आणि आलो. ती ही पोस्ट वाचेल की नाही माहीत नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला एवढंच सांगा: ग्रहणानं काही झालं नाही, विळीनंही नाही. बाई, तुझी चूक नव्हती.