गणकयंत्र, कचेरी आणि घर

संगणक, इंटरनेट आणि मोबाइल यांचा इतिहास सांगताना बहुधा यंत्रे शोधणारांची नावे सांगितली जातात. तो इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो कामगार संघटनेतले. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण सभांतून, करारांतून आणि सार्वजनिक वाचनालयांतून झाले. तेव्हा यंत्र आले त्या दिवशी त्याच्यासमोर जो माणूस बसला होता त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत. आणि त्यासाठी सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेणार आहोत ते बँकेचे.

पूर्वी चेक वटवावयाचा म्हणजे पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसावे लागे. चेक लेजरवरील कारकुनाकडे जाई. तो खात्यात नोंद करी, अधिकारी सही पडताळून पाही, आणि मग रोखपाल बिल्ल्याचा क्रमांक पुकारी. सहामाहीला व्याज लावण्यासाठी कारकून रात्र रात्र बसत. एका पैशाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. हे काम कंटाळवाणे होते हे खरे, परंतु त्यावर हजारो मध्यमवर्गीय घरांची चूल पेटत होती हेही तितकेच खरे.

गणकयंत्र या देशाला अगदीच नवे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली देशी बनावटीचा संगणक उभा राहिला होता. मात्र प्रयोगशाळेतले यंत्र कचेरीत येऊ लागले तेव्हा तंटा सुरू झाला. त्याच दशकात कलकत्त्यातील इलाको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा दिला. प्रश्न इतका पेटला की 1969 साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, समितीचा अहवाल 1972 साली आला.

बँकांत सप्टेंबर 1983 मध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. कोणती यंत्रे यावीत, किती यावीत, याच्या मर्यादा त्यात ठरल्या. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. 1987 आणि 1993 च्या करारांनी त्या मर्यादा सैल होत गेल्या. यंत्रापायी माणूस काढावयाचा नाही, हे आमच्या आधीच्या पिढीचे मुख्य म्हणणे होते. ते बऱ्याच अंशी टिकले, हा तिचा विजय समजला पाहिजे. पण 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतील सुमारे लाखभर माणसे बाहेर पडली, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या पुष्कळशा रिकाम्याच राहिल्या.

आज मागे वळून पाहता आमच्या चळवळीची एक चूक दिसते. ‘किती माणसे जाणार?’ असे आम्ही विचारले. ‘काम कोठे जाणार?’ असे विचारले नाही. 1987 साली मुंबईत पैसे देणारे पहिले यंत्र बसले. 1995 च्या जुलैअखेर मोबाइलवरून पहिले संभाषण झाले आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. 2016 साली यूपीआय आले. कारकुनाचे काम या वाटेने घरी येऊन बसले. आता खाते क्रमांक आपण लिहावयाचा, रक्कम आपण घालावयाची आणि चुकली तर जबाबदारीही आपली! पगार मात्र कोणी देत नाही.

यात लाभ नाही असे कोण म्हणेल? मुंबईतून कोकणात पैसे पाठविणाऱ्या गिरणी कामगाराच्या घरी मनीऑर्डरची वाट पाहिली जाई. आज त्याचा नातू ते क्षणात पाठवितो. भाजीवालीला सुट्ट्या पैशांची चणचण राहिली नाही. हे नाकारणे हा आडमुठेपणा होईल.

पण आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कामगाराची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशाने संगणकावर देता येतो. बत्तीस वर्षे लेथ चालवून यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र ठसा घेईना. कागदी दाखला चालतो, पण खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “काका, सगळं ऑनलाइन झालंय.” समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे त्या मुलास दिसत होते; नियमही त्याच्या बाजूने होता; तरी त्यास तीन हेलपाटे पडले. अखेर आम्ही बरोबर गेलो तेव्हा कागद घेतला गेला. 2021 पासून चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो. त्यासाठी चांगला फोन मात्र हवा.

म्हणून आमचे मागणे यंत्र हटविण्याचे नाही. प्रत्येक कचेरीत एक खिडकी अशी राहावी की जेथे माणूस बसलेला असेल आणि आलेल्याचे काम कागदावर घेण्याचा त्याला अधिकार असेल. पूर्वीचे करार कर्मचाऱ्यांपुरते होते. पुढचा करार करताना खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही त्यात जागा दिली पाहिजे.