ब्रिटनमधील दिव्यांग भत्ता कपातीचा वाद, २०१६

ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑझ्बर्न यांनी १६ मार्च २०१६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पातील दिव्यांग भत्त्याच्या कपातीवरून उठलेले संसदीय वादळ. एका मंत्र्याचा राजीनामा आणि आठवड्याच्या आत सरकारची माघार ही त्याची फलश्रुती.

वाद ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ (पिप) या भत्त्याचा होता. अपंगत्वामुळे वाढणारा खर्च भागवण्यासाठी २०१३ पासून तो दिला जातो. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि नोकरी करणाऱ्यालाही तो मिळतो. दैनंदिन जीवनातील १० कृती तपासून गुण देतात. ८ गुण झाले की साधा दर, १२ झाले की वाढीव. स्वयंपाक, अंघोळ, कपडे घालणे आणि शौच या चार कृतींना साधनांचा आधार लागत असेल, तर प्रत्येकी २ प्रमाणे ८ गुण होत. शेवटच्या दोन कृतींचे गुण निम्मे करायचे, असा सरकारचा प्रस्ताव होता. म्हणजे अशा माणसाचे ६ गुण उरणार आणि आठवड्याला मिळणारे ५५.१० पौंड पूर्णपणे बंद होणार. त्याचे अपंगत्व मात्र तसूभरही कमी होणार नव्हते. यातून २०२०-२१ पर्यंत सुमारे ४.४ अब्ज पौंड वाचवण्याचा हिशेब होता.

याच अर्थसंकल्पात भांडवली नफ्यावरील कराचा वरचा दर २८ वरून २० टक्क्यांवर आणला होता आणि ४० टक्के आयकराची मर्यादा ४५,००० पौंडांपर्यंत वाढवली होती. वादाची खरी ठिणगी इथे पडली. १८ मार्चला श्रम व निवृत्तिवेतन मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी राजीनामा दिला. अधिक कमावणाऱ्यांना सवलती देणाऱ्या अर्थसंकल्पात ही कपात समर्थनीय ठरत नाही, असे त्यांनी पत्रात लिहिले. त्या वर्षीच्या सार्वमतात ते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या आणि ऑझ्बर्न संघात राहण्याच्या बाजूचे असल्याने त्यांच्या हेतूवर शंका घेतली गेली. पण त्यांचा मुद्दा आकड्यांनिशी खरा होता. त्यांचे उत्तराधिकारी स्टीफन क्रॅब यांनी २१ मार्चला हाउस ऑफ कॉमन्समध्ये कपात रद्द झाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ऑझ्बर्न यांनीही तिथे चुकीची कबुली दिली.

विरोधकांचा हा विजय अपुराच म्हटला पाहिजे, कारण दुसरी एक कपात कायम राहिली. काम करण्यास सध्या असमर्थ, पण पुढे कामाची तयारी करू शकतील अशा आजारी व दिव्यांग व्यक्तींच्या ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’मधील कपात संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, फेटाळली होती. कॉमन्सने आर्थिक बाबींतील आपला विशेषाधिकार पुढे करून ती मंजूर करून घेतली, आणि अर्थसंकल्पाच्याच दिवशी, १६ मार्चला, ती कपात असलेल्या कायद्याला राजसंमती मिळाली. एप्रिल २०१७ पासून या गटातील नव्या अर्जदारांना आठवड्याला १०२.१५ ऐवजी ७३.१० पौंड मिळू लागले.