मळ्यांना फ्रेंच नावं, राबणारे हात कुणाचे?

केप टाउनच्या पूर्वेला डोंगरांनी वेढलेलं फ्रान्सहुकचं खोरं आहे. ला मोत, काब्रिएर, ला प्रोव्हान्स, बुर्गोन्य ही तिथल्या द्राक्षमळ्यांची नावं.

१६८५ साली चौदाव्या लुईने धर्मस्वातंत्र्याची हमी देणारं नांतचं फर्मान रद्द केलं आणि फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांवर, म्हणजे ह्युगनोंवर, परागंदा होण्याची पाळी आली. हॉलंडला पोचलेल्यांपैकी दीड-दोनशे जणांना डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८-८९च्या सुमारास केपला पाठवलं. तिथे थांबणाऱ्या जहाजांना धान्य आणि वाइन पुरवायला शेतकरी हवे होते. पण केपला पहिली वाइन ह्युगनो येण्याआधी, १६५९ मध्येच निघाली होती. आणि फ्रेंच असूनही या निर्वासितांत वाइनचे जाणकार थोडेच होते. ला रोशेलहून आलेले द व्हिलिये बंधू त्यांतले. हत्तींचा वावर असलेल्या खोऱ्यात या कुटुंबांनी जमिनी वहितीखाली आणल्या. पुढे कंपनीने शाळांमध्ये डचच चालवली आणि दोनेक पिढ्यांत त्यांची फ्रेंच मावळली. आडनावं आणि मळ्यांची नावं तेवढी उरली.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग ही कामं एका कुटुंबाच्या हातून उरकत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. म्हणून फ्रान्सहुकबद्दल वाचताना मी मजूर शोधत होतो. ते सापडले गुलामांच्या नोंदींत. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं आणि आपला बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा इथून आणलेली ही माणसं. त्यांची मूळ नावं पुसून कुणाला ‘बंगालचा’, कुणाला ‘मलबारचा’ म्हटलं गेलं. कुणाला तर ‘फेब्रुवारी’, ‘सप्टेंबर’ अशी महिन्यांची नावं दिली. १८३८ मध्ये केपचे गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. तरी मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची ‘डॉप’ पद्धत विसाव्या शतकातही चालू राहिली आणि तिने मजुरांच्या वस्त्या दारूत बुडवल्या.

ह्युगनोंनी सोसलं, कष्टही केले. त्यांचं भव्य स्मारक फ्रान्सहुकमध्ये आहे आणि ते योग्यच आहे. पण ते खोरं एकट्या फ्रेंचांनी घडवलं, हा इतिहास अर्धा आहे.

आपल्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्याचा इतिहास आता लिहिला जातोय. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांची नावं त्यात आजच, ती माणसं हयात असताना, नोंदवून घ्या.