आरसी बुकातलं वय

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, पण हळहळणाऱ्यांनीही एक गोष्ट गृहीतच धरली होती : वर्षं भरली म्हणजे गाडी संपली. आदल्या दिवशी भाडं नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी बाद ठरली, तेव्हा तिचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा तळाचा पत्रा कोणत्या अवस्थेत आहे याचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. माझा आक्षेप या गृहीतकावर आहे.

समोरचा पक्ष आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. जुनी लहान गाडी धूर जास्त सोडते. अपघातात आतल्या माणसाला वाचवत नाही. तिचे सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि तिथला माल बनावट किंवा चोरीचा. तिच्यात फेरफार करणं बेकायदा. तेव्हा ती मोडीत घालावी आणि सवलत घेऊन नवी आणावी. हे मत इतकं रुजलंय की १५ वर्षांनंतर गाडी ठेवणंच कायद्याने बंद आहे, असं शिकलेली माणसंही महाराष्ट्रात बोलताना ऐकतो.

तसं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून मिळते. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा नियम आला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण तो तिथल्या हवेसाठी होता, देशासाठी नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मोडीत काढण्याच्या धोरणातही खासगी गाडी बाद ठरते ती तपासणीत नापास झाली तर. म्हणजे कायदा अवस्था विचारतो. पैशाचा ओघ मात्र उलटा आहे. जुनी मोडीत देऊन नवी घेणाऱ्याला रस्ता-करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. जुनी नीट राखून तपासणीला आणणाऱ्याचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. सांभाळणाऱ्याला दंड बसावा असं त्याने काय केलंय?

आता धुराचं. इथे मी अर्धी बाजू सोडतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला पीयूसीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो, भारत स्टेज-२ च्या गाडीला ०.५ टक्का. हा सहापट फरक युक्तिवादाने मिटत नाही. पण गाडी चालते किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. निवृत्त शिक्षकाची मारुती ८०० वर्षाला ३,००० किलोमीटर फिरते असं धरू. जुनी लिटरला १५ देते, नवी २० देईल. वर्षाला ५० लिटर पेट्रोल वाचलं, म्हणजे सुमारे ११५ किलो कार्बन डायऑक्साइड. नवी मोटार घडवताना मात्र पोलाद, प्लास्टिक, काच, रंग मिळून काही टन वायू हवेत जातो. अगदी कमी, ३ टन धरला तरी तो फेडायला या माणसाला २६ वर्षं लागतील. तीच गाडी कोणी रोज ५० किलोमीटर पळवत असेल तर हिशेब सुमारे सव्वाचार वर्षांत उलटतो, आणि त्याला मीही नवी घे असंच सांगेन.

शिवाय धूर कमी करण्याचा मार्ग फक्त भट्टीतून जात नाही, हे मुंबईनेच दाखवलंय. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, २००० च्या सुमारास, शहरातल्या जुन्या टॅक्सींवर सीएनजीची किट बसली. पद्मिनीचं चाळीसएक अश्वशक्तीचं, १,०८९ सीसीचं तेच इंजिन वायूवर चालू लागलं. हा फेरफारच होता, आणि पुढची कित्येक वर्षं शहराने त्याच्या जोरावर प्रवास केला.

फेरफाराच्या बाबतीत मला सरसकट बाजू घ्यायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. सायलेन्सर कापून कानठळ्या बसवणारा, किंवा १२ इंची चाकांच्या गाडीला रुंद टायर लावून चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर ताण आणणारा माणूस जुन्या गाडीचा मित्र नाही. पण त्याच कायद्यात इंधन बदलण्याच्या किटला परवानगी आहे. बिघाड दुरुस्त करणं आणि रचना मोडणं यांतली रेघ कायद्याला दिसते. ती आपल्या बोलण्यात पुसली जाते.

आणि सुटे भाग. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला ज्याने कधी बॉल जॉइंट विकत घेतला आहे, त्याला ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘जुना ओरिजिनल’ या तीन शब्दांत किती अंतर आहे ते माहीत असतं. बनावट ब्रेक पॅड जीव घेऊ शकतो, हे खरंच. मात्र बनावट माल माजतो कशामुळे? ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल. अस्सल माल कुलपात ठेवायचा आणि मग बाजारात नकली मिळतो म्हणून गॅरेजवाल्याला नावं ठेवायची, हा न्याय नव्हे. चोरीच्या मालावर उपाय पावती हाच आहे : भाग कोणत्या नंबरच्या गाडीतून निघाला हे लिहिलेली पावती, आणि इंजिन बदललं तर त्याची आरसीवर नोंद.

ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहितोय, तो गाडीच्या पोटात आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षं बनली. तिचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. हेच इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. सिलिंडर झिजला की लेथवाला तो रीबोर करतो आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतो. क्रँक घासून पातळ झाला की त्याला जाड बेअरिंग. ही मापं गॅरेजच्या जुगाडातली नाहीत, कारखान्यानेच आखलेली आहेत. ज्यांनी ते इंजिन आखलं त्यांनी ते दोनदा-तीनदा बांधलं जाईल असं धरूनच आखलं. तेव्हा १९९७ च्या गाडीत क्लच प्लेट २०२१ ची असते, बॅटरी गेल्या वर्षीची, टाय रॉड एंड गेल्या दिवाळीतले. तिचं एकच एक वय सांगायचं तरी कसं?

बदलता न येणारा असा एकच भाग : पत्रा. या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. सांगाडा आणि अंग एकच. समुद्राच्या खाऱ्या हवेत, मालवण-वेंगुर्ल्याकडे, १२ वर्षांत तळ सडू शकतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत सावलीत उभी राहिलेली गाडी २५ वर्षांनी ठणठणीत असू शकते. कॅलेंडर दोघींना एकच माप लावतं. त्यातून धोका कुणाला? पहिली १५ वर्षं खासगी गाडीची यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. सडलेल्या तळाची १२ वर्षांची गाडी कोणी अडवत नाही. ज्यांना सुरक्षिततेची काळजी आहे त्यांनी आधी इथे आवाज उठवावा. एअरबॅग नसणं ही जुन्या गाडीची उणीव आहेच, तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हायवेवर १०० च्या वेगाने कुटुंब घेऊन जायला ती गाडी नव्हे.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री गाडी घेण्याआधी ती पाहायला बोलावलं की बॉनेट उघडतच नाहीत. पाठीवर झोपून खाली सरकतात आणि दाराखालच्या पट्टीत, जॅक लावायच्या जागी आणि मागच्या सस्पेन्शनच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहतात. टोक आत गेलं की बाहेर येऊन हात पुसतात आणि सांगतात, ही द्या भंगारात. पण त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून घेतात, नंबर वहीत टिपून ठेवतात, कारण भाजी वाहणाऱ्या कुणाच्या तरी ओम्नीला ते हवं असतं.