न खेळणाऱ्या घरातले गेमर

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरगुती व्हिडिओ गेमचे यंत्र बाजारात आणले. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत ते पोहोचले १९९० च्या दशकात, तेही बहुतेक करून नकलांच्या रूपाने. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांचे डबे आणि ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘डक हंट’ यांसारखे अनेक गेम एकत्र भरलेल्या कॅसेटी मुलांच्या हाती आल्या. त्यामुळे अशा अनेक कुटुंबांत एक नवाच प्रकार घडला : घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी खेळात तरबेज आणि बाकी घराला त्यातले ओ की ठो कळत नाही.

तोवर घरातले बैठे खेळ सगळ्यांचे होते. मे महिन्याच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव मांडला की आजीही त्यात बसे. कॅरममध्ये काका भिडू होत. व्हिडिओ गेमला मात्र फार तर दोन रिमोट. मोठ्यांना त्याचे नियम ठाऊक नसत आणि शिकण्याची हौसही नसे.

गेमवरून घरात होणाऱ्या भांडणाचे मूळ यंत्राच्या जोडणीतच होते. या डब्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीत बसे. म्हणजे आधी केबलची वायर काढायची, मग टीव्हीवर ठरावीक चॅनल लावायचे. गेम चालू असेतो मालिका आणि बातम्या बंद. घरात टीव्ही एकच असल्याने खेळाला वाव मिळे तो दुपारी, मोठी माणसे कामावर किंवा वामकुक्षीत असताना. गेममुळे टीव्हीची पिक्चर ट्यूब खराब होते, हा समजही मोठ्यांच्या बाजूने भक्कम पुरावा म्हणून वापरला जाई.

यानंतर घरात संगणक आला तो अभ्यासाच्या नावाखाली. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक शिकणे नोकरीच्या तयारीचा भाग ठरले. त्याच संगणकावर ‘डेंजरस डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, ‘रोड रॅश’ चालत. पडद्याकडे पाहणारे मूल शिकते आहे की खेळते आहे, हे पाठीमागून येणाऱ्याला चटकन कळत नसे. गेमची खिडकी क्षणात खाली करण्याची कला याच काळातली.

ज्यांच्या घरी संगणक नव्हता किंवा त्याला पासवर्ड होता, त्यांनी सायबर कॅफे गाठला. तासाच्या हिशेबाने पैसे भरून एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळले जाई. घरात मिळत नव्हते ते सवंगडी इथे भेटले. पालकांच्या लेखी मात्र ही जागा क्लास बुडवून जाण्याची होती.

स्वस्त स्मार्टफोन आणि २०१६ नंतरचा स्वस्त डेटा यांनी खेळाचे साधन प्रत्येकाच्या खिशात घातले. सामाईक टीव्हीवर चालणारी घरची देखरेख तिथे अपुरी पडू लागली आणि तक्रार घराबाहेर गेली. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमबद्दल विचारले, तेव्हा तो पबजीवाला आहे का, असे त्यांनीच विचारले. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी ‘पबजी’ या मोबाइल गेमवर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. पण या बंदीचे कारण देशाची सुरक्षा हे होते, मुलांचा अभ्यास नव्हे.

दुसरीकडे, जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा प्रदर्शनीय प्रकार होता आणि भारताच्या तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या गेममध्ये कांस्यपदक मिळवले. २०२२ च्या अखेरीस ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा खात्याच्या कक्षेत आले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. घरात ‘गेम’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोष्टींत कायद्याने असा भेद केला. दरम्यान कॅसेटीच्या काळातली मुले स्वतः पालक झाली आहेत. मुलाच्या फोनवर काय चालले आहे हे त्यांतल्या अनेकांना कळते, त्यामुळे त्यांच्या घरांत वाद उरला आहे तो खेळावा की नाही यापेक्षा किती वेळ खेळावे याचा.